मधला ठिपका

“झाकायचा नाही,” मास्तर म्हणाली. “पण लोकांना दिसायलाही नको.”

टॅटूवाल्या मुलीने पेन्सिल कानामागे खोचली आणि आरशाजवळचा दिवा थोडा खाली ओढला. मास्तरच्या गळ्याच्या खळगीखाली चार बोटांवर, बरोबर छातीच्या हाडावर, एक निळसर काळा ठिपका होता. मोहरीपेक्षाही लहान. कागदावर बॉलपेन टेकवून उचललं की उमटतो तेवढा.

“काकू, एक काय ते ठरवा. झाकायचा नाही म्हणजे ठेवायचा. ठेवला की दिसणार.”

“तेच तर विचारायला आलेय तुझ्याकडे.”

“घरी पण आठ दिवस हेच चाललंय तिचं,” बाजूच्या स्टुलावरून लेक म्हणाली. “बाबांनी हात टेकले.”

मास्तरचा तळहात आपोआप ठिपक्यावर गेला होता. खोलीत स्पिरिटचा वास होता. कोपऱ्यातल्या पलंगावर कागदाची गुंडाळी उलगडून पसरली होती. माणूस बदलला की फाडायची आणि पुढचा कागद ओढायचा. तसाच कागद, तसाच पलंग तिने आधी पाहिला होता. आत आल्यापासून तिने तिकडे पाठ केली होती.

मास्तर हे तिचं कारखान्यातलं नाव. शर्टांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला कटिंग मास्तर म्हणतात, आणि ती बाई आहे म्हणून हाक बदलावी असं बावीस वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. मास्तर आली, मास्तर चिडली, मास्तर जेवायला बसली, असंच सगळे बोलत. लांब टेबलावर कापडाचे ऐंशी थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून न्यायचं. वरची खूण दोन धागे सरकली तर खाली ऐंशी शर्ट वाया. त्यामुळे खुणेच्या बाबतीत ती भलतीच कडक होती. शिवण पुरी होईपर्यंत खडूच्या रेघेला कोणी बोट लावलं तर ती त्याची सात पिढ्यांची चौकशी करी.

आणि ही खूण तिच्या स्वतःच्या अंगावर होती. पाच वर्षांपूर्वी तिच्या डाव्या बाजूची गाठ काढली आणि त्यानंतर पंचवीस दिवस किरण दिले. किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी सुईने तीन ठिपके गोंदले. दोन काखांच्या खाली, एक मध्यभागी. मग रोज पलंगावर झोपायचं, हात डोक्याच्या वर नेऊन आधाराच्या खाचेत ठेवायचे. भिंतींतून हिरव्या प्रकाशाच्या रेघा निघायच्या आणि तंत्रज्ञ तिला कापडाच्या ताग्यासारखी इंच इंच सरकवून त्या रेघा ठिपक्यांवर आणायचा. तो बाहेर जायचा. हातभर जाडीचं दार बंद व्हायचं. आत ती एकटी.

शेवटच्या दिवशी त्याने सांगितलं होतं, “हे ठिपके सांभाळा मावशी. हे गेले की आम्ही आंधळे.” तो बहुधा सगळ्यांनाच असं सांगत असावा. मास्तरने ते शब्दशः घेतलं. पाच वर्षं तिने त्या जागी साबणसुद्धा जपून लावला.

लेक विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. तिने आईची समजूत घालायला एकदा वहीत चित्र काढून दाखवलं होतं. “घासून जाणार नाही गं. शाई आतल्या थरात असते. तिथल्या पेशी ती गिळतात, पण त्यांना ती पचत नाही. पेशी मेली की शाई सुटते, लगेच शेजारची पेशी गिळते. म्हणून टॅटू टिकतो.”

“म्हणजे पाच वर्षं कोणीतरी ती तोंडात धरून बसलंय?”

“पाळीपाळीने.”

मास्तरला ते ऐकून धीर यायच्या ऐवजी भीतीच वाटली. न पचणारी वस्तू अंगात कोणीतरी एकमेकाकडे सोपवत राहतं, आणि आपल्याला पत्ता नाही. गाठीचंही असंच झालं होतं, पत्ता नव्हता.

काखांखालचे दोन ठिपके कोणाला दिसत नसत. मधला मात्र कपड्याच्या गळ्यातून डोकवायचा. “मास्तर, शाई लागलीय,” असं कोणी म्हटलं की ती “असू दे” म्हणायची. कारखान्यात तिने आजाराचं नाव काढलं नव्हतं. पोटाचं ऑपरेशन म्हणून तीन महिने रजा घेतली, आणि लोकांनीही पोटाचं म्हणून मान्य केलं. पण दोन महिन्यांपूर्वी काज-बटणाच्या मशीनवर नवीन आलेल्या पोरीने जेवणाच्या सुट्टीत रुमाल ओला केला आणि “थांबा, मी पुसते” म्हणून सगळ्यांसमोर तिच्या छातीवर घासायला घेतलं. मास्तरने तिचा हात असा झटकला की रुमाल पाण्याच्या पिंपात पडला. पोरगी रडायला लागली. मग सांगावंच लागलं.

दुसऱ्या दिवसापासून कापडाचे तागे तिच्या टेबलावर कोणीतरी आधीच आणून ठेवलेले असत. तिच्या वाटणीचं जड मशीन दुसराच कोणी ओढी. आणि बोलायला येणारा प्रत्येक माणूस आधी ठिपक्याकडे बघे, मग तोंडाकडे. इस्त्रीवाला तर तिच्याशी इतक्या हळू आवाजात बोलू लागला की तिने एकदा विचारलं, “मी गेले की काय रे?”

टॅटूची कल्पना तिथून आली. बघायचंच आहे तर लोकांनी काहीतरी बघण्यासारखं बघावं.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्या बाजूच्या हातावर नको, किरण पडलेल्या कातडीवर नको. मध्यावर आणि उजवीकडे कातडी चांगली आहे, तिथे चालेल. पाच वर्षांची मोठी तपासणी जवळ आलीय, तिच्या आधी निदान सहा आठवडे मोकळे सोडा, नाहीतर सुजेमुळे आमचाच गोंधळ होईल. आणि ठिपक्याचं विचारलं तर मान खाली घालून लिहिता लिहिता म्हणाले, “त्याची आता गरज नाही. पडलीच, तर नवे करू.”

पडलीच तर. मास्तर ते दोन शब्द घेऊन घरी आली. त्यांच्याबरोबर जेवली आणि त्यांच्याबरोबर झोपली.

तपासणीला आजपासून बरोबर सहा आठवडे उरले होते. आज नाही तर मग तपासणीनंतर. आणि तपासणीनंतर आपण इथे येणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. निकाल चांगला आला, तर कशाला उगाच नशिबाला डिवचा म्हणून. वाईट आला, तर मग काय बोलायचं.

“घरातल्या फ्रिजवर मला एक स्टिकर लावू देत नाहीस,” नवरा म्हणाला होता. फ्रिज दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. “आणि स्वतःवर चिकटवून घेणार?” पण आज सकाळी ती निघताना त्याने चपला घालता घालता, तिच्याकडे न बघता सांगितलं, “दुखलं तर उठून ये. अर्धं राहिलं तरी काही बिघडत नाही.”

टॅटूवाल्या मुलीने दोन जाड वह्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. पहिलीत करड्या छटांची चित्रं होती, फोटो काढल्यासारखी. गुलाब असा की पाकळीवरचं दव पुसावंसं वाटावं.

“हा सुंदर दिसेल,” लेक म्हणाली.

“ठिपका कुठे जाईल?” मास्तरने विचारलं.

“या पाकळीच्या सावलीत,” मुलगी म्हणाली. “शोधून सापडणार नाही.”

“सापडणार नाही?”

“मलासुद्धा नाही.”

मास्तरने वही मिटली. दुसऱ्या वहीत ठिपक्यांचीच नक्षी होती, वर्तुळं, त्रिकोण, शेकडो ठिपके मोजून मांडलेले.

“यात मस्त मिसळेल बघा.”

“अगं पण इतक्यांतला आपला कुठला, हे त्या लोकांना कळायचं कसं?”

“कोणत्या लोकांना?”

लेकीने आईच्या दंडाला हात लावला. “आई, ते नवीन करतात म्हणाले ना डॉक्टर.”

“म्हणाले.”

मुलीला अजून नीट कळलं नव्हतं. वह्या उचलताना खालून तिसरी वही दिसली. वरच्या पानावर एक जांभळा मासा होता, ओठ रबराच्या नळीसारखे, कल्ले केशरी, आणि डोळे बशीएवढे. जाड काळ्या रेघेच्या आत रंग नुसते भडभडून भरलेले.

“हे काय?”

“ती माझी आवडती. कार्टूनसारखी स्टाइल आहे. सगळं फुगवायचं, वाकवायचं, डोळे मोठे करायचे, रंग सोडायचे मोकळे.”

“आई, ते लहान मुलांचं आहे,” लेक म्हणाली.

“लहान मुलांना मी टॅटू काढतच नाही,” मुलगी म्हणाली. “मोठेच येतात. मागच्या आठवड्यात एक बँकेचे मॅनेजर चिडलेला टोमॅटो काढून गेले.”

मास्तर हसली नाही. ती पानं उलटत होती. घोडा, सायकल, दात आलेली किटली, आणि सगळ्यांना ते पांढरेफटक डोळे. कारखान्यात नवा पॅटर्न आला की ती जशी वाकून बघे तशी ती एका पानावर वाकली.

“हे पांढरं आहे ते पांढऱ्या रंगाने भरतेस?”

“नाही. पांढरा पुढे पिवळा पडतो. मी तिथली कातडी तशीच सोडते.”

“सुई लावतच नाहीस?”

“डोळ्याच्या आत नाही. फक्त बुबुळाला.”

“आणि बुबुळ म्हणजे?”

मुलीने पानाकडे बघितलं, मग मास्तरच्या छातीकडे. कानामागची पेन्सिल तिने काढून हातात घेतली.

“एक ठिपका,” ती म्हणाली.

पुढची पाच मिनिटं मुलगी कागदावर रेघा ओढत होती आणि मास्तर तिच्या खांद्यावरून बघत होती. एक फुगलेला बेडूक तयार झाला. गाल गच्च, पाय केशरी, पाठीवर गुलाबी फोड. डावा डोळा लहान आणि उजवा भला मोठा, त्या मोठ्या डोळ्याच्या मधोमध रिकामी जागा. बाकीचं सगळं अंग मध्यापासून उजवीकडे, चांगल्या कातडीवर.

“बेडूक?” लेक म्हणाली. “बाबा काय म्हणतील?”

“काय म्हणायचंय ते म्हणू देत. तुझ्या बाबांचं पोट काय वेगळं आहे?” मास्तर म्हणाली, आणि पहिल्यांदा तिघी हसल्या. मग मास्तरने पिशवीतून आपली टेप काढली. “डोळा बावीस मिलिमीटर घे. ठिपक्याभोवती चहूकडून दहा मोकळे राहिले पाहिजेत. तेवढं असलं की रेघ चुकायची नाही.”

“कसली रेघ?”

तेव्हा मास्तरने तिला सगळं सांगितलं. हिरव्या रेघा, जाड दार, पडलीच तर. सांगताना ती टेप बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत होती. मुलीने पेन्सिल खाली ठेवली होती. ऐकून झाल्यावर तिने फक्त विचारलं, “दार उघडं ठेवू का काम करताना?”

“ठेव.”

चित्र छापाच्या कागदावर उतरवलं की तो कागद ओल्या कातडीवर दाबायचा. जांभळी रेघ उमटते, आणि सुई तिच्यावरून जाते. मुलगी कागद घेऊन आली तेव्हा मास्तर स्वतःहून पलंगाकडे गेली. ती कागदावर उताणी झोपली, पाठीखाली कागद करकरला, आणि तिचे दोन्ही हात कोणी न सांगता डोक्याच्या वर गेले. मनगटं एकमेकांवर ठेवली गेली.

“काकू, उभ्यानेच लावते मी. हात खाली सोडून.”

“नको. असाच लाव.”

“पण कातडी ताणली जाते अशाने.”

“मला माहितीये. ज्या स्थितीत बघायचं, त्याच स्थितीत आखायचं. ते लोक बघतात तेव्हा मी अशीच असते. तेव्हा डोळा गोल पाहिजे. लाव तू.”

तिचा आवाज कारखान्यातला झाला होता, आणि त्या आवाजापुढे कोणी बोलत नसे. मुलीने छाप लावला, वीस मोजून कागद सोलला. मास्तरने मान न हलवता टेप मागितली आणि लेकीकडून मोजून घेतलं. वर अकरा, खाली अकरा, डावीकडे अकरा, उजवीकडे अकरा.

“झालं,” ती म्हणाली. कपाळ घामाने ओलं होतं. “कर सुरू.”

“एकदा आरशात बघा. नियमच आहे माझा.”

मास्तर उठली आणि आरशासमोर उभी राहिली. हात खाली आले. बेडूक चेपला. डावीकडची किरणांनी आखडलेली कातडी जागची हलली नाही, उजवीकडची सैल होऊन खाली उतरली, आणि तो फुगलेला प्राणी कोणीतरी त्याच्यावर बसून उठल्यासारखा तिरपा, वाकडा झाला. मोठा डोळा अर्धा मिटला. ठिपका त्याच्या मध्यावरच होता, पण तो डोळा आता रडून सुजलेल्या माणसाचा दिसत होता.

मास्तरने हात वर केले. बेडूक फुगला. खाली घेतले. चेपला.

लेकीने तोंड फिरवलं.

“काकू,” टॅटूवाली मुलगी मागून म्हणाली, “दिवसातले किती तास तुमचे हात वर असतात?”

“दहा-बारा मिनिटं असायचे. पंचवीस दिवस.”

“केव्हा?”

“पाच वर्षं झाली.”

मुलगी हात मागे बांधून उभी राहिली. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

मास्तर आरशात बघत राहिली. माप देताना पोट आत ओढून धरणारी गिऱ्हाइकं तिने कारखान्यात लागण्याआधी शिंप्याच्या दुकानात पुष्कळ पाहिली होती. ती त्यांना सांगायची, साहेब, श्वास सोडा, शर्ट तुम्हाला जेवून उठल्यावरही घालायचाय. आणि इथे ती स्वतः पाच वर्षं श्वास ओढून माप देत उभी होती, अशा एका खोलीसाठी, जिथे परत बोलावलंय असं अजून कोणी म्हटलं नव्हतं.

म्हटलं तर? सहा आठवड्यांनी म्हटलं तर? मग उभ्याने आखलेला डोळा हात वर केल्यावर लांबट होईल, अंड्यासारखा. हिरवी रेघ वाकड्या डोळ्यावर पडेल. त्या तंत्रज्ञाला हसू येईल, किंवा येणार नाही. भीती कुठेही गेली नव्हती. ती तिथेच होती, घशाखाली, ठिपक्याच्या जरा वर.

“पूस,” मास्तर म्हणाली.

“काय?”

“पूस हे. उभ्यानेच लाव.”

“आई, आज राहू दे का?” लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तपासणी होऊन जाऊ दे. मग येऊ आपण. मी येईन परत तुझ्याबरोबर.”

“मग मी यायची नाही. मला मी माहितीये.”

मुलीने स्पिरिटच्या बोळ्याने जांभळ्या रेघा पुसल्या. पुसताना बोळा ठिपक्यावरून गेला तेव्हा मास्तरचा हात तिचं मनगट धरायला अर्धा उठला आणि मध्येच थांबला. मग ती आरशासमोर उभी राहिली, कारखान्यात टेबलाशी उभी राहते तशी, खांदे सैल, वजन दोन्ही पायांवर, आणि मुलीने नवा छाप लावला. या वेळी मास्तरने टेप मागितली नाही. नुसतं बघितलं. बेडूक जाड होता, खूश होता, आणि जरासा मूर्ख होता. मोठ्या डोळ्याने तो सरळ समोर बघत होता.

“याला कोणी हळू आवाजात काही बोलणार नाही,” ती म्हणाली.

पलंगावर तिने नवा कागद ओढून घेतला आणि झोपली. मुलीने हातमोजे चढवले, काळी शाई छोट्या टोपणात ओतली, मशीन हातात घेतलं. मशीनची गुणगुण सुरू झाली. त्याबरोबर मास्तरच्या दंडांना ओढ लागली. कोपर पलंगावरून सुटले, मनगटं कानांपर्यंत आली.

“काकू, हात.”

“हो.” तिने ते खाली आणले. थोड्या वेळात ते पुन्हा निघाले.

“मी धरू?” लेक म्हणाली.

“नको.”

मास्तरने कंबर उचलली. दोन्ही हात, तळवे खाली करून, कमरेखाली सरकवले, आणि स्वतःचं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं. कागद बोटांखाली चुरगळला. नखं पांढरी पडली. ती छताकडे बघत म्हणाली, “आता कर. डोळ्यापासून सुरू कर.”